देवीची उजवी

सहाच्या आत नावं द्यायची होती. ट्रॅव्हल्सवाल्यानं दोनदा बजावलं होतं, आणि साडेतीन वाजून गेले तरी चौगल्यांच्या घरात जायचं की नाही यावरच तोंडं वाजत होती.

अक्षता सकाळच्या एसटीनं इचलकरंजीहून आली होती ती एकाच कामासाठी. आबांचं, म्हणजे बापाचं, काश्मीरला जाणं मोडायचं. गेले दोन महिने ती आणि तिची आई धोंडुबाई एका बाजूला होत्या. आबा आणि त्यांची नात शिवानी दुसऱ्या बाजूला. शिवानीचा बाप विजयसिंह नेहमीप्रमाणे मध्ये. आबांची शिरोलीची लोखंड ओतायची भट्टी विकायच्या वेळीही तो असाच मध्ये उभा राहिला होता आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन बसला होता. पण आज अक्षतानं चपला काढायच्या आत आईनंच बाजू बदलली.

"देवीनं उजवी दिली," धोंडुबाई म्हणाल्या. "आता माझं काय म्हणणं न्हाई. जाऊ द्यात तेनी."

"आई, मंगळवारी फोनवर रडत हुतीस तू. आबांना तिकडं न्हेऊ द्यायचं न्हाई म्हणून मला शपथ घाटलीस."

"मंगळवारी घाटली. बुधवारी संयोगिता गावाला जाऊन कौल लावून आली. झालं की मग."

"म्हंजे वैनी म्हणाली आणि तू ऐकलंस?"

"वैनी न्हाई म्हणाली. देवी म्हणाली."

अक्षता बारावीला गणित शिकवायची, पण ती या आईच्या पोटची होती. राधानगरीच्या अलीकडं धोंडुबाईंचं माहेर, आणि तिथल्या भावेश्वरीला विचारल्याशिवाय या घरात काही मोठं घडलेलं नव्हतं. देवीच्या दोन खांद्यांना दोन ओली पानं चिकटवायची, मनातला प्रश्न बोलायचा आणि गप बसून राहायचं. उजव्या खांद्यावरचं पान आधी पडलं तर हो, डाव्यावरचं पडलं तर नाही. एकदा विचारलं की तोच प्रश्न परत विचारायचा नाही. अक्षताचं लग्न असं विचारून झालं होतं, शिरोलीची जागा अशी विचारून घेतली होती. आणि धोंडुबाईंचा भाऊ गुंडू, डावी आलेली असताना हसण्यावारी नेऊन ट्रक घेऊन गोव्याला निघाला, तो फोंडा घाटातून परत आला नाही. त्याला सेहेचाळीस वर्षं झाली होती. या घरातलं अजून कुणी त्या घाटातून जाताना मोठ्यानं बोलत नाही.

यंदा धोंडुबाईंना गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं देवळाच्या पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून सुनेला पाठवलं होतं. एवढंच काय ते वेगळं झालं होतं.

"ठीक हाय. देवीचं झालं," अक्षता म्हणाली आणि भावाकडं वळली. "दादा, डॉक्टरचं काय? माझ्या सासऱ्यांना आम्ही हौसेनं उटीला न्हेलं. ह्यांच्यापेक्षा बरी तब्येत हुती त्यांची. तिसऱ्या दिवशी ओठ निळे पडले. मी तो रंग बघितलाय, दादा. तू न्हाई बघितलास."

विजयसिंहनं पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. "डॉक्टर न्हाई म्हणालेले न्हाईत. श्रीनगरला उंची एवढी नसती. वर बर्फात न्यायचं न्हाई, ऑक्सिजनचं यंत्र बरोबर ठेवायचं, बस."

"असं म्हणाले?"

"व्हय. असंच म्हणाले."

असंच म्हणाले होते, पण एवढंच म्हणाले नव्हते. उरलेलं अर्धं विजयसिंहनं दहा दिवस पोटात ठेवलं होतं. फुप्फुसाचा फोटो उजेडावर धरून डॉक्टर म्हणाले होते, ही वाळू आहे, तीस-पस्तीस वर्षं श्वासाबरोबर आत गेलेली, ती आता बाहेर निघत नाही. मी अडवणार नाही आणि हमीही देणार नाही. पण पुढच्या वर्षी विचारायला येऊ नका. विजयसिंहला आधी वाटलं, डॉक्टर वैतागले. जिना उतरताना त्याला त्याचा अर्थ कळला आणि तो तिथंच कठड्याला धरून उभा राहिला.

तेव्हापासून त्याला दोन्ही गोष्टींची भीती वाटत होती. नेलं आणि तिकडं काही झालं तर? आणि नेलं नाही तर?

* * *

आबा, म्हणजे गणपतराव, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. त्यांच्याविषयी बोलताना सगळे त्यांच्यासमोरच बोलत, ते तिथं नसल्यासारखे. पूर्वी कुणाची हिंमत झाली नसती. आता मोठ्यानं ओरडायला लागणारी हवाच छातीत मावत नव्हती. एका दमात पाच-सहा शब्द बसत. त्यामुळं ते निवडून बोलत, आणि लोकांना वाटायचं म्हातारा शांत झाला.

मांडीवर सागवानी लाकडाचं पान होतं. हातभर रुंद, पाच बोटांचं, कडेला दातरे.

हे पान त्यांनी स्वतः कोरलेलं. ते मुळात पॅटर्न करणारे. लाकडात वस्तू कोरून द्यायची, तिचा ठसा काळ्या वाळूत उठवायचा, मग त्यात लोखंड ओतायचं. एका बंगल्याच्या कठड्याला काश्मिरी चिनाराची पानं हवी होती. मालकानं कॅलेंडरचं एक चित्र आणून दिलं. आबांनी त्यावरून पान कोरलं, एकेक शीर धरून. शंभरावर पानं ओतली. लोक शिरोलीपर्यंत बघायला आले. पण कॅलेंडरात पानाची फक्त समोरची बाजू होती. मागून ते कसं असतं, शिरा वर येतात की आत जातात, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आबांनी मागची बाजू सपाट सोडली.

"आबा, ते पान घेऊन तरी काय बसलाय?" अक्षता आता थेट त्यांच्याशी बोलली. "गुगलवर शंभर फोटो हाईत. शिवानी दाखवेल की मागची बाजू."

"दाखवली तिनं," आबा म्हणाले. थांबले. "फोटोला हात लागत न्हाई."

"आणि तिकडं काय झालं म्हंजे? गोळ्या, बाँब, बातम्या बघत न्हाई काय तुम्ही?"

"बघतो." परत थांबले. "हितं खिडकीतनं बघतो."

अक्षताचे डोळे भरले आणि ती रागानं दुसरीकडं बघायला लागली. आबांना लेकीची कीव आली. तिला वाटत होतं बापाला भीती वाटत नाही. त्यांना भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. न्हाणीपासून खुर्चीपर्यंत अकरा पावलं होती आणि सातव्या पावलाला आता थांबावं लागत होतं. श्रावणात नवव्याला थांबत होते. विमानात, त्या बंद डब्यात, श्वास अडकला तर काय करायचं हे ते रोज मनात घोळवत होते. पण या खुर्चीत बसून पावलं मोजत पाचावर, मग तिनावर येण्याची भीती त्याहून मोठी होती. ती कुणाला सांगायची? सांगायला किती दम लागला असता.

"यंदा चिनार ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पूर्ण लाल होणार," शिवानी फोनमधून मान वर काढून म्हणाली. "दिवाळीनंतर चौथ्या दिवशी निघायचं. हिकडं पानं शिमग्याला झडतात, तिकडं दिवाळीला. झाडाखाली खुर्ची टाकून बसवायचं आबांना. बाकी कुठं फिरायचंच न्हाई. आत्या, एवढं तरी मान्य कर."

"तू गप गं. हे सगळं तुझंच खूळ."

"हाय माझं. चला, मूड सुधारा सगळ्यांचे, एक फोटो काढते. आबा, पान नीट धरा. आई, तू पण ये चहा ठेवून."

संयोगिता स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येत होती. शिवानी सगळ्यांच्या समोर फोन धरून उभी होती.

"आत्या, तू फ्रेममधनं कटतीयास. उजवीकडं सर."

अक्षता सरकली.

"तुझ्या उजवीकडं न्हाई गं. माझ्या उजवीकडं. तू माझ्याकडं तोंड करून बसलीयास न्हवं?"

ट्रेमधले कप एकदम वाजले. चहा बशीत सांडला. संयोगितानं ट्रे टेबलावर ठेवला, कुणाकडं न बघता "जरा वरचे कपडे काढून आणते" म्हणाली आणि जिना चढून गच्चीवर गेली. गच्चीवर कपडे नव्हते. ते तिनं सकाळीच काढले होते.

धोंडुबाईंनी सुनेची पाठ जिन्यावरून दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

* * *

फोन लागायला वेळ लागला. गावात रेंज देवळामागच्या विहिरीपाशीच येते.

"बोला वैनी," आकाराम गुरवाचा आवाज मोकळा होता. "आबास्नी अंगारा लावला काय?"

"लावला. आकारामभाऊ, एक विचारायचं हुतं." संयोगितानं कठड्याला टेकून आवाज खाली आणला. "देवीची उजवी म्हंजे कंची? आपण समोर बसल्यावर आपल्या उजव्या हाताची, का..."

"देवीची उजवी वो. ती आपल्याकडं तोंड करून हाय न्हवं? तिची उजवी ती आपली डावी. बारक्या पोराला बी ठावं हाय हितं." तो हसला. मग हसायचा थांबला. "का वो वैनी?"

बुधवारी दुपारी संयोगिता गाभाऱ्यासमोर एकटी बसली होती. पानं लावून झाल्यावर आकाराम पाण्याला गेला होता. तिचं माहेर कोल्हापुरातलंच, मंगळवार पेठेतलं. तिच्या माहेरी देवाला नमस्कार करत, प्रश्न विचारत नसत. ती बसल्या बसल्या रात्रीच्या भाजीचा विचार करत होती. टप् असा बारीक आवाज आला. पान पडलं होतं. आकाराम कळशी घेऊन आला, म्हणाला, "कंची दिली?" ती म्हणाली, "उजवी." तो म्हणाला, "बेस झालं." आणि अंगारा पुडीत बांधून दिला. एवढंच झालं होतं.

"वैनी," आकारामचा आवाज आता बदलला होता. "मी पाण्याला गेलतो तवा. पान तुमच्या कंच्या हाताला पडलं?"

संयोगितानं आपल्या हाताकडं बघितलं. "उजव्या."

"तुमच्या उजव्या."

"व्हय."

"मग तिनं डावी दिली, वैनी."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं.

"परत विचारता येतंय काय? मी आत्ता निघते. दोन तासात येते."

"न्हाई वो. तेच ते विचारायचं नसतंय. तुमास्नी म्हाईत हाय की." मग जरा थांबून, "मी कुणाला बोलणार न्हाई. पर धोंडुआक्कास्नी सांगा. गुंडूतात्याच्या टायमाला माझ्या बानं पानं लावलीती. तो मरस्तोवर म्हणायचा, मी अडवाय पायजे हुतं."

तिनं फोन ठेवला. आपण असलं काही मानत नाही, असं ती पंचवीस वर्षं या घरात मनातल्या मनात म्हणत आली होती. आता ते म्हणून बघितलं तर जिभेवर बसेना. आबांचे ओठ तिला दिसायला लागले, अक्षतानं सांगितलेल्या रंगाचे. आणि त्या झाडाखालची खुर्ची.

"कपडे कुठं हाईत?" मागं विजयसिंह उभा होता.

तिनं त्याला सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही, पण दोनदा तिला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. विजयसिंहनं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य तो हेच बोलला, "आईला सांगायचं न्हाई."

"न्हाई कसं सांगायचं? तिकडं काय झालं तर मी कुठल्या तोंडानं..."

"आईला सांगितलंस की संपलं. ती दारात आडवी पडंल. आबा जाणार न्हाईत."

"नसले जात तर न्हाई जाणार. पुढच्या वर्षी बघू. नीट विचारू, तुमच्या आईस्नीच उचलून न्हेऊ देवळात."

"पुढच्या वर्षी न्हाई, संयोगिता." त्यानं तिच्याकडं न बघता डॉक्टरांचं उरलेलं अर्धं सांगून टाकलं. वाळू, हमी, आणि पुढच्या वर्षी विचारायला येऊ नका.

संयोगिता त्याच्याकडं बघत राहिली. "दहा दिवस हे तुमच्यापाशी हुतं?"

"हुतं."

"आणि खाली अक्षताताईला म्हणालासा, एवढंच म्हणाले."

"तू पण खाली जाऊन उजवीच म्हणणार हाईस की." तो हे चिडून बोलला नाही, आणि म्हणूनच ते तिला लागलं. दोघं नवराबायको कठड्यापाशी उभी राहिली, एकेक अर्धं घेऊन. कुठलं अर्धं कुणाला दिलं की माणूस वाचतो, ते दोघांनाही सांगता येत नव्हतं.

"संयोगिता," जिन्याच्या पायथ्यापासून हाक आली. धोंडुबाईंना जिना चढता येत नव्हता. त्या खाली कठडा धरून उभ्या होत्या. "खाली ये. एकटीच ये."

* * *

धोंडुबाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि पिठाच्या डब्यावर बसल्या. संयोगिता ओट्याला टेकून उभी राहिली.

"देवीम्होरं तू कुठं बसलीतीस?"

"समोर, आत्ती."

"एकदम समोर?"

"व्हय."

"पान कंच्या हाताला पडलं? बोलू नगो. हात वर कर."

संयोगितानं उजवा हात वर केला. धोंडुबाईंनी त्या हाताकडं बघितलं, मग खाली फरशीकडं. शिवानी बाहेर 'माझ्या उजवीकडं' म्हणाली तेव्हाच त्यांना शंका आली होती. कप वाजले तेव्हा खात्री झाली. तरी सून डावा हात वर करील अशी आशा त्यांनी जिन्यापासून इथपर्यंत धरून आणली होती.

"माझं चुकलं, आत्ती. मला ठाऊकच नव्हतं. मी मुद्दाम न्हाई..."

"तुझं न्हाई. मी सांगाय पायजे हुतं. मला वाटलं हे काय सांगायचं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "विजू वर काय म्हणाला?"

संयोगितानं ओट्यावरचं फडकं उचललं आणि त्याची घडी घातली.

"मी आई हाय त्याची. दहा दिवस झालं तो माझ्याकडं सरळ बघंना. सांग."

मग संयोगितानं आकारामाला केलेल्या फोनचं सांगितलं आणि तेही सांगितलं. पुढच्या वर्षी विचारायला येऊ नका, हे डॉक्टरांचे शब्द तिनं होते तसेच सांगितले, गोड करून सांगायचं तिला सुचलं नाही. बाहेरून आबांच्या खोकल्याचा आवाज आला. तो थांबेपर्यंत दोघी थांबल्या, आणि थांबल्यावर परत श्वास घेतल्याचा आवाज येईपर्यंत थांबल्या. हे थांबणं आता घरातल्या सगळ्यांना सवयीचं झालं होतं.

धोंडुबाईंना भयंकर भीती वाटत होती. भावेश्वरीनं तोंडावर नाही म्हटलं होतं, आणि आयुष्यात त्यांनी तिचा शब्द मोडला नव्हता. आता बाहेर जाऊन एक वाक्य बोललं की झालं. अक्षता टाळ्या पिटेल. नवरा घरी राहील, डोळ्यांसमोर, त्या खुर्चीत. ते एकच वाक्य त्यांच्या तोंडात आलं आणि तिथंच राहिलं.

"गुंडूला त्या दिवशी भाकरी मी बांधून दिलती," त्या म्हणाल्या. "माहेरपणाला गेलते. डावी आल्याली मला म्हाईत हुती. बा ओरडत हुता. मी भाकरी बांधली, वर मिरचीचा ठेचा घाटला. म्हटलं, जातोय तर उपाशी कशाला."

"आत्ती, हे कशाला आता..."

"ऐक. पोलिसांनी काय सांगिटलं, म्हाईत हाय? गाडीत काय बिघाड नव्हता. घाटात तेला डोळा लागला. पहाटेच्या टायमाला. क्लिनर आजारी म्हणून आला नव्हता. एकटा हुता." त्यांनी मांडीवरच्या हाताची बोटं दुसऱ्या हातानं धरली. "सेहेचाळीस वर्षं मी म्हणत आलेय, देवीचं ऐकाय पायजे हुतं. पर शेजारी कुणीतरी बसलं असतं, बडबड करत, तर तेला झोप लागली असती व्हय? मी बसले असते तर?"

संयोगितानं पाण्याचा तांब्या पुढं केला. धोंडुबाईंनी तो बाजूला सारला.

"देवी जाऊ नगो म्हणाली, का एकट्याला सोडू नगो म्हणाली, हे मला कसं कळायचं? पान पडतंय. बोलत न्हाई." मग त्या म्हणाल्या, "मला वाटतंय ती जाऊ नगोच म्हणाली. मी खोटं कशाला बोलू."

"मग सांगूया बाहेर. मी सांगते. माझी चूक हाय, मी सांगते."

धोंडुबाई ओट्याचा आधार घेऊन उठल्या. गुडघ्यात कळ आली ती त्यांनी दात आवळून जिरवली. "तुला सांगायचा अधिकार न्हाई. कौल मी मागितला हुता. उत्तर माझं हाय." दारापाशी जाऊन त्या वळल्या. "आकारामाला फोन कर, म्हणावं आक्कास्नी कळलं. नवरात्रात येऊन मी पाया पडीन, नाक घासीन. तेवढं देवीला आजच सांगून ठेव म्हणावं."

"नवरात्र झालं की, आत्ती. परवाच झालं."

"पुढच्या," धोंडुबाई म्हणाल्या आणि दार उघडलं.

* * *

बाहेर अक्षतानं नवीनच आघाडी उघडली होती. ती बापाला पटवत होती, एवढंच असेल तर राधानगरीच्या जंगलात जाऊ, धरणावर जाऊ, तिथंही झाडं आहेत. आबा ऐकून घेत होते. विजयसिंह जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता आणि आईच्या तोंडाकडं बघून त्याचं तोंड उतरलं. आता ती बोलणार, त्याला वाटलं. आता संपलं.

"कुणाचा फोन हुता गं?" आबांनी संयोगिताला विचारलं. ती गच्चीवर फोनवर बोलत असल्याचं त्यांना खिडकीतून पुसट ऐकू आलं होतं.

संयोगितानं तोंड उघडलं. तिच्या आधी धोंडुबाई बोलल्या.

"आकारामाचा. उजवी दिली म्हणून परत सांगत हुता. अंगारा लावा म्हणाला." त्यांचा आवाज नेहमीसारखाच चढा होता. देवीच्या नावानं आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना तो जराही हलला नाही. "शिवानी, नावं दिलीस?"

"चार भरलीत. आबा, पप्पा, आई, मी. फक्त पाठवायचंय."

"पाचवं घाल. माझं."

अक्षता म्हणाली, "आई, तुला वाडीपर्यंत जाईस्तोवर गाडी लागती. लिंबू नाकाला लावून बसतीस."

"लिंबू घेऊन बसीन."

"गुडघा?"

"गुडघा बी घेऊन जाईन, हितं कुठं ठेवू?" त्या आबांच्या खुर्चीपाशी गेल्या. आबा त्यांच्याकडं वर बघत होते. पन्नास वर्षांच्या संसारात ही बाई नृसिंहवाडीच्या पुढं नवऱ्याबरोबर हौसेनं कुठं गेलेली नव्हती. काहीतरी झालंय, एवढं त्यांना कळलं. काय, ते विचारायला दम पुरला नसता, आणि कदाचित त्यांना विचारायचंही नव्हतं.

धोंडुबाईंनी त्यांच्या मांडीवरचं सागवानी पान उचललं, उलटं केलं आणि सपाट बाजूवरून तळवा फिरवला.

"ही बाजू बघायची. हात लावायचा. आणि परत फिरायचं," त्या म्हणाल्या. "तिथं बसून ऱ्हायाचं न्हाई. कबूल?"

"कबूल," आबा म्हणाले.

"आणि विमानात डोळा लागू द्यायचा न्हाई. मी बडबड करणार हाय."

"ती तर," आबा थांबले, दम घेतला, "रोजच करतीस की."

विजयसिंह एकदम वळून खिडकीबाहेर बघायला लागला. अक्षता आईकडं बघत होती. तिला आपण नेमकं कुठं हरलो ते कळत नव्हतं, पण पानाच्या सपाट बाजूवरून अजून फिरणारा आईचा हात तिला दिसत होता, आणि तो बघून ती पुढं भांडली नाही. उठून तिनं पर्समधून सासऱ्यांचं बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र काढलं आणि काही न बोलता संयोगिताच्या हातात दिलं. म्हणजे ते ती सकाळीच इचलकरंजीहून घेऊन आली होती.

शिवानीनं पाचवं नाव टाइप केलं. धोंडुबाई गणपतराव चौगले, वय अडुसष्ट. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. "पाठवलं," ती म्हणाली. "आता तरी फोटो काढू का? आजी, तू आबांच्या बाजूला ये. उजवीकडं जागा हाय बघ, खिडकीकडं."

"मी डावीकडं हुभारते."

"डावीकडं स्टूल हाय, आजी. अडचण होईल."

"स्टूल काढ."

विजयसिंहनं स्टूल उचललं. शिवानीनं फोन डोळ्यांसमोर धरला आणि हसत विचारलं, "बरं, पण कुणाच्या डावीकडं? माझ्या, का तुझ्या?"

संयोगिता दारातच उभी राहिली होती, हातात ते बोटाचं यंत्र घट्ट धरून. सासूनं एकदा तिच्याकडं बघितलं.

"ह्यांच्या," धोंडुबाई म्हणाल्या, आणि आबांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. फोटो निघाला तरी त्यांनी तो हात काढला नाही.